एकोणीस पूर्ण कधी होतात? अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांची वयोमर्यादा

अमेरिकेत हायस्कूलच्या संघातून खेळायचं तर साधारण नियम असा: ठरावीक तारखेच्या आत एकोणीस पूर्ण झाली, तर पुढचं शालेय वर्ष खेळ बंद. ही तारीख मात्र देशभर एक नाही, ज्या त्या राज्याची संघटना ती ठरवते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर, न्यूयॉर्कमध्ये १ जुलै, कॅलिफोर्नियात १५ जून. म्हणजे ११ जुलै २००७ चा जन्म असलेला मुलगा २०२६-२७ मध्ये कॅलिफोर्नियात खेळेल, टेक्सासमध्ये नाही. बदलीमुळे राज्य बदलणार असेल तर घर शोधण्याआधी हे बघा. इलिनॉयचा हिशोब तर आणखी वेगळा: तिथे एकोणिसाव्या वर्षीही चालतं, पण ऐन सीझनमध्ये विसावा वाढदिवस आला तर त्या सीझनच्या पहिल्या दिवसापासूनच मुलगा अपात्र.

आपल्याकडची मुलं अडकतात ती बहुधा वयात नाही, सेमिस्टरच्या, म्हणजे अर्ध्या शालेय वर्षांच्या, मोजणीत. नववीत पहिलं पाऊल पडलं की खेळायच्या मुदतीचं घड्याळ सुरू होतं. कॅलिफोर्नियात सलग आठ सेमिस्टर, टेक्सासमध्ये सलग चार वर्षं. मूल एकही सामना खेळलं नसलं तरी ते थांबत नाही. भारतात नववी संपवून उन्हाळ्यात आलेल्या मुलाला ‘जरा रुळू दे’ म्हणून पुन्हा नववीत बसवलं, तर भारतातली नववीही धरली जाऊ शकते. मग वय बसत असूनही बारावीत, म्हणजे कॉलेजचे कोच बघायला येतात नेमक्या त्या वर्षी, पोरगं बाकावर. वर्ग ठरवायच्या आधीच शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे खेळ विभागाच्या प्रमुखाला, विचारा. काउन्सेलर, म्हणजे शाळेचा अभ्यास-सल्लागार, पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स बघतो, खेळाची पात्रता त्याच्या डोक्यात असेलच असं नाही.

दुसरा घोळ तारखेच्या लिखाणाचा. दाखल्यावर ०६/०९/२००७ असेल तर आपण ६ सप्टेंबर वाचतो, तिथला क्लार्क ९ जून. टेक्सासमध्ये पहिल्या तारखेला मुलगा २०२६-२७ साठी पात्र, दुसरीला बाद! फॉर्मवर महिना अक्षरी लिहा, आणि पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर एकच तारीख आहे ना, ते ताडून बघा.

अपात्र खेळाडू उतरला तर जिंकलेले सामनेही सहसा संघाच्या नावावरून जातात, चूक नकळत झाली असली तरी. सवलतीचा अर्ज शाळेमार्फत जातो आणि वयाच्या बाबतीत तो क्वचितच मंजूर होतो. लर्निंग डिसॅबिलिटीमुळे वर्षं मागे पडलेल्या मिसुरीतल्या एका बेसबॉलपटूच्या बाजूने १९९४ मध्ये संघराज्य अपील न्यायालयानेही कौल दिला नाही. वयाची अट खेळाच्या गाभ्याचीच आहे, असं बहुमत पडलं. सेमिस्टरच्या मर्यादेतून सवलत मागणाऱ्या अर्जाला दीर्घ आजारपणासारखं कारण असेल तर थोडी आशा असते. त्यासाठी त्याच काळातले डॉक्टरांचे कागद जोडा, नंतर मागून आणलेलं पत्र फारसं उपयोगी पडत नाही.