सुपेर्गाच्या चढावर चिंक्वेचेंतो

किल्ली फिरवली तरी गाडी गप्पच. आजींनी मग दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यामागे हात घातला. तिथे जमिनीलगत बोटाएवढ्या दोन पट्ट्या आहेत, एक चोकची आणि एक स्टार्टरची. त्या ओढल्या मात्र, पाठीमागून फट्-फट्-फट् असा आवाज सुरू झाला. इंजिन मागे आहे, हे मला माहीत होतं. पण ते कमरेत असं जाणवेल, याची कल्पना नव्हती.

तोरिनोत मी ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या आजींची ही १९६६ची फियाट ५००. इटलीत तिला सगळे 'चिंक्वेचेंतो', म्हणजे नुसतं 'पाचशे' म्हणतात. माझे बाबा कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते, हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "मग उद्या सुपेर्गाच्या टेकडीवर जाऊ." प्रीमियरची पद्मिनी ही गाडी ज्या फियाट ११०० वर बेतलेली होती, ती आणि ही चिंक्वेचेंतो, दोन्ही गाड्या दांते जाकोझा या एकाच इंजिनिअरच्या देखरेखीखाली तयार झाल्या. आमच्या घरात हे नाव बाबांच्या तोंडून लहानपणीच कानावर पडलं होतं.

आदल्या दिवशी लिंगोत्तोला जाऊन आलो. १९२३ साली पूर्ण झालेला फियाटचा हा कारखाना पाच मजली. गाडी मजल्यामजल्याने तयार होत वर जायची आणि गच्चीवरच्या ट्रॅकवर तिची चाचणी व्हायची. आता तिथे बाग केली आहे. जाकोझांची १९३६ची 'तोपोलिनो' ही छोटी गाडी इथलीच. आमची चिंक्वेचेंतो मात्र मिराफिओरीच्या कारखान्यातली.

तिचा जन्म ४ जुलै १९५७चा. युद्धानंतरच्या इटलीत कामगार स्कूटरवर बायको-पोरं बसवून जात होते. त्यांना परवडेल अशी चारचाकी हवी होती, आणि पोलाद महाग. जाकोझांनी ही काटकसरच गाडीच्या आकारात उतरवली. लांबी जेमतेम २.९७ मीटर. अंगाला सगळीकडे गोलाई, कारण वाकवलेला पत्रा पातळ असूनही ताठ राहतो. छत कापडी, म्हणजे पत्राही वाचला आणि इंजिनचा आवाजही वरून निघून जातो. ४७९ सीसीच्या दोन सिलिंडरांना गार ठेवायचं काम हवाच करते, त्यामुळे रेडिएटर नाही, पाणी नाही. डॅशबोर्ड म्हणजे गाडीच्याच रंगाचा पत्रा आणि त्यावर एक गोल मीटर. पेट्रोलचा काटासुद्धा नाही, टाकी संपत आली की दिवा लागतो. एकही गोष्ट निव्वळ शोभेसाठी नाही, आणि तरी माणूस बघतच राहतो!

पहिल्या गाड्यांत काटकसर अंमळ जास्तच झाली होती. काचा खाली होत नव्हत्या, मागे धड सीट नव्हती, ताकद फक्त १३ अश्वशक्ती. लोकांनी पाठ फिरवली, तेव्हा फियाटने काही महिन्यांतच सुधारणा केल्या. दोनच वर्षांत, १९५९ साली, तिला 'कोंपास्सो दोरो' हा इटलीचा मानाचा डिझाइन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला तिची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडायची. १९६५ साली ती सरळ झाली. आजींची गाडी त्या नंतरची, ४९९ सीसीची.

सुपेर्गाचा चढ लागला आणि आजी खऱ्या रंगात आल्या. या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. आपले जुने ट्रकवाले डबल क्लच मारायचे, अगदी तसंच. आजींचा पाय इतका सफाईने चालत होता की एकदाही दात खरखरले नाहीत. वळणावळणाला झाडांतून पो नदी दिसायची आणि पुन्हा लपायची. छत मागे गुंडाळलेलं, पाइनचा वास थेट डोक्यावर.

वर बॅसिलिकासमोर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोर, गाडी थांबली. समोर आल्प्सची बर्फाळ रांग होती, पण मी आधी इंजिनाचं झाकण उघडायला लावलं. चालू इंजिनाचा आवाज फोनमध्ये भरून बाबांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"एक टॅपेट वाजतोय. त्यांना सांग, गॅप बघून घ्या म्हणावं."

टॅपेट म्हणजे इंजिनातली व्हॉल्व्ह उघडायला लावणारा भाग. मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. आजींनी मान तिरकी करून क्षणभर ऐकलं, मग पुढची डिकी उघडली आणि स्टेपनीच्या बाजूला ठेवलेली पान्यांची कापडी पिशवी बाहेर काढली.