आमची वाटचाल: कमानपाट्याचा कोयता

वडिलांनी कराडला भट्टी लावली ती भात्यावर. मी ब्लोअर बसवला, पुढे पॉवर हॅमर आला. माल मात्र तोच, ट्रकचा जुना कमानपाटा. आमच्या ठशाखाली एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंडाची) पट्टी कधी गेली नाही, जाणारही नाही.

भंगारवाले चाचा वडिलांच्या वेळचे. काट्यावर घालण्याआधी मला ढिगातून निवडू देतात. गंजलेला पाटा आणि गंजलेली एमएस पट्टी डोळ्यांना सारखीच, म्हणून प्रत्येक नग मी ग्राइंडरला टेकवतो. पाट्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, ठिणगीला फांद्या फुटतात. एमएसची ठिणगी लांब सरळ जाते आणि विझते.

बरीच वर्षं नीट चाललं. मग आमच्याच लाइनीतल्या एकाने हुबेहूब आमचा ठसा करून घेतला. एमएसची पट्टी, वर काळा रंग, दर निम्मा. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या वेळी त्याचा माल बाजारात आला. कोयते फडात वाकले आणि शिव्या आम्हाला. दुकानदारांनी माल परत पाठवला, उधारी अडकवली, चांगले कारागीर सोडून गेले. भट्टी विझवायची वेळ आली. इतक्या वर्षांचे व्यापारी, पण एकानेही फोन करून विचारलं नाही. ते अजून टोचतं.

बीडकडचा एक मुकादम तेवढा वाकलेल्या कोयत्यांचं पोतं घेऊन थेट दारात आला, भांडायलाच. मी त्याचा कोयता ग्राइंडरला लावला. सरळ रेघ. मग माझा लावला, तो फुलबाजीसारखा तडतडला. मुकादम म्हणाला, "हे दुकानदाराला दाखवा." दुसऱ्या दिवशी तोच दुकानदाराला गाडीवर बसवून घेऊन आला. तो हंगाम मुकादमाच्या ऑर्डरीवर निघाला. आजही पहिली खेप त्याच्या टोळीची. ठसा चोरणाऱ्याचं दुकान जोरात चालू आहे. त्याने चूक कधी कबूल केली नाही.

नव्याने भट्टी लावणाऱ्यांना सांगतो. पाटा मधल्या बोल्टच्या भोकाशी तुटतो, तेवढा भाग कापून टाका. उरलेल्याला रॉकेल चोळा, कोरडं पुसा, खडू फासा. तडा असेल तिथे ओली रेघ उमटते. तो तुकडा कितीही जाड असो, घेऊ नका. घडवण्याआधी लाल करून राखेत गार होऊ द्या. पाणी देताना, म्हणजे पातं कडक करताना, चुंबक चिकटायचं थांबलं, म्हणजे ७७० अंशांच्या आसपास, की आणखी थोडं तापवून तेलात बुडवा. पाण्यात घालाल तर पातं तडकेल. नंतर उतरवताना, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा काढताना, धारेला सोनेरी, पाठीला निळा रंग येऊ द्या. जुन्या कानशीत कार्बन १ टक्क्याच्या वर; सुरीला उत्तम, कोयत्याला नको, दगडावर बसली की धारेचा तुकडा उडतो. आणि रुळाचा तुकडा कुणी स्वस्तात आणला तर दारातूनच परत पाठवा. रेल्वेच्या चोरीच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, माल ज्याच्याकडे सापडतो तो अडकतो. लिलावाची पावती दाखवल्याशिवाय मी चाचांकडूनही रूळ उचलत नाही.