बाटली आणि खोबरेल

आज नैरोबीत डॅफ्नी शेल्ड्रिकबाईंच्या अनाथ हत्तींच्या नर्सरीत गेले होते. अकराच्या ठोक्याला पिल्लं धावत आली ती थेट दुधाच्या बाटल्यांवर! एका पठ्ठ्याने तर सोंडेत बाटली धरून स्वतःच गटागटा संपवली.

गाईच्या दुधातली चरबी या पिल्लांना पचत नाही. बाई वर्षानुवर्षं खटपट करत राहिल्या, पिल्लं डोळ्यांदेखत जात राहिली, आणि शेवटी जमलं ते खोबरेल तेलाने. (हो, आपण डोक्यावर थापतो तेच.) त्या दुधावर आयेशा नावाची छोटी हत्तीण वाढली. पण लेकीच्या लग्नासाठी बाई जरा दूर गेल्या, तेवढ्यात ती झुरून गेली. म्हणूनच आता राखणदार पाळीपाळीने बदलतात. रात्री झोपतात मात्र पिल्लांशेजारीच.

बाई २०१८ साली गेल्या. माझ्या कुर्त्यावर सोंडेचा लाल चिखल आहे, अजून धुतला नाही.