बॅकग्राउंडमधल्या अ‍ॅपला नेट आलेलं कळवायचं कसं: माझा अनुभव

आमचं अ‍ॅप दूध संकलन केंद्रांसाठीचं आहे, अँड्रॉइडवरचं. सकाळी रांग लागलेली असते, ऑपरेटर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) भराभर टाकत जातो आणि डोंगराकडच्या गावात तेव्हा रेंज असेलच असं नाही, म्हणून नोंदी आधी फोनमध्येच सेव्ह होतात आणि नेट आलं की सर्व्हरला जातात.

जुन्या कोडमध्ये त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टीमला देणारी फाइल) कनेक्टिव्हिटी चेंजचा रिसीव्हर होता, म्हणजे नेट बदलल्याचा सिस्टीमचा संदेश (ब्रॉडकास्ट) ऐकणारा कोड. प्ले स्टोअरच्या नियमामुळे टार्गेट एसडीके (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) वाढवला आणि रिसीव्हर गप्पच झाला. ना एरर, ना क्रॅश, नोंदी फोनमध्ये तुंबत राहिल्या! अँड्रॉइड 7 मध्ये, म्हणजे 2016 मध्येच, हे बंद केलंय: एपीआय 24 (अँड्रॉइड 7 चा आकडा) किंवा पुढचं टार्गेट असेल तर हा ब्रॉडकास्ट मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरला येतच नाही. कारण पटतं मला, नेट जरा इकडचं तिकडे झालं की ढीगभर अ‍ॅप्स एकदम जागी व्हायची आणि बॅटरी जायची.

मग नेटवर्क कॉलबॅक लावला, म्हणजे चालू अ‍ॅपला नेट आल्याचं सिस्टीम थेट कळवते. अ‍ॅप उघडं असताना मस्त चालतो, पण फोन खिशात गेला, सिस्टीमने प्रोसेस मारली की कॉलबॅकही गेला. फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवून मागे सतत चालू राहणारा भाग) लावता आली असती, पण एवढ्यासाठी दिवसभर नोटिफिकेशन अडकवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

शेवटी वर्कमॅनेजर, म्हणजे अँड्रॉइडवर मागची कामं नेमून द्यायची लायब्ररी. नेट आलं का हे अ‍ॅपने बघायचंच नाही, "नेट असेल तेव्हा हे काम कर" असं सिस्टीमला सांगून ठेवायचं, मग अ‍ॅप बंद असो नाहीतर फोन रिस्टार्ट होवो, काम रांगेत राहतं. डोझमध्ये (फोन पडून असताना बॅटरी वाचवायला सिस्टीम मागची कामं थांबवते तेव्हा) उशीर होतो, पण आमचं बिल दहा दिवसांनी निघतं, तासभर उशिराने काही बिघडत नाही. टॉवर दिसतो पण डेटा हलत नाही, अशा वेळी कामाने सिस्टीमला "रिट्राय" (पुन्हा प्रयत्न कर) असं कळवायचं, डीफॉल्ट 30 सेकंदांपासून गॅप वाढत जातो. आणि प्रत्येक नोंदीला फोनमध्येच युनिक आयडी द्याच, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली नोंद सर्व्हरला ओळखता येते, कारण नोंद पोचते पण उत्तर येईपर्यंत रेंज जाते, मग तीच नोंद परत जाते आणि शेतकऱ्याचं दूध दोनदा लागतं.

टेस्टिंगला एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) फोन जबरदस्तीने डोझमध्ये घालता येतो, ते कराच. फोनच्या सेटिंग्जमधून अ‍ॅप फोर्स स्टॉप केलं तर मात्र अ‍ॅप परत उघडेपर्यंत काहीच चालत नाही, म्हणून होम स्क्रीनवर "पाठवायच्या बाकी नोंदी" असा आकडा ठेवलाय, ऑपरेटर तो बघूनच केंद्र बंद करतात.