झिणझिण्या गीझरच्या नव्हत्या

जानेवारीतली गोष्ट. कोथरूडमधली चार मजली जुनी इमारत, तिसरा मजला. काकूंचा फोन आला तो असा, "नवा गीझर आणून ठेवलाय, जुना काढून तेवढा लावून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे." जुना का काढायचा, असं विचारल्यावर म्हणाल्या, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. एकाने टेस्टर लावून बघितला, तो पेटला नाही. पण येतात हो, खरंच येतात."

त्या फक्त गीझर चालू असताना येतात का, हा माझा पुढचा प्रश्न. थोडं थांबून त्या "हो" म्हणाल्या. तेव्हाच लक्षात आलं की हे अर्ध्या तासात उरकणारं काम नाही.

जुना गीझर 25 लिटरचा, 11 वर्षांचा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. एक प्रोब नळाला आणि दुसरा जमिनीवर पसरलेल्या ओल्या फडक्याला. गीझर बंद असताना शून्य, चालू केला की 11 व्होल्ट. टेस्टरमधला निऑन दिवा पेटायला साधारण 60 ते 90 व्होल्ट लागतात, त्यामुळे 11 व्होल्ट त्याला दिसणारच नाहीत. पण ओल्या, साबण लावलेल्या अंगाला ते नक्की कळतात. टेस्टर पेटला नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ बाथरूममध्ये कधीही काढू नका.

मग 16 अँपिअरचा सॉकेट तपासला. गीझर चालू ठेवून फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) यांच्यात 219 व्होल्ट, फेज-अर्थ 219, न्यूट्रल-अर्थ शून्य. वरवर बघणारा म्हणेल, अर्थिंग झकास आहे. मला शंका आली ती त्या शून्यामुळेच. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. एवढी ओढ असताना लांबच्या खऱ्या अर्थिंगच्या तुलनेत न्यूट्रलवर व्होल्ट-दोन व्होल्ट तरी दिसायलाच हवेत.

मेन बंद करून प्लेट उघडली. आत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा अर्थच्या पिनेतून थेट न्यूट्रलमध्ये घुसवलेला. अर्थची हिरवी वायर मागे तोडून टेप गुंडाळून ठेवलेली.

हे कुणीतरी का केलं असेल, तेही उलगडलं. अशा जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर बाथरूममधल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाण्याच्या पाइपला क्लॅम्प करून सोडलेली असते. पाइप जमिनीत जातो, तोच अर्थ. काही वर्षांपूर्वी सोसायटीने गंजलेली पाण्याची उभी लाइन काढून प्लॅस्टिकची टाकली. पाणी छान यायला लागलं आणि त्याच दिवशी घरोघरचं अर्थिंग गेलं, कुणाला न कळता. नंतर आलेल्या कारागिराला फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावल्यावर तो पेटेना. त्याने तुकडा मारला, बल्ब पेटला, गिऱ्हाईक खूश.

आता न्यूट्रलवर जे काही येईल ते तुकड्यातून गीझरच्या अंगावर, तिथून स्टीलच्या जाळीदार पाइपातून नळावर. डीबीचं, म्हणजे घराच्या मुख्य स्विचबॉक्सचं, झाकण काढलं तर न्यूट्रल पट्टीतला गीझरचा जोड काळा पडलेला. अॅल्युमिनियमची वायर पितळेच्या स्क्रूखाली वर्षानुवर्षं तापून-निवून ढिली झालेली, आजूबाजूचं प्लॅस्टिक करपलेलं. 11 व्होल्टांतले बहुतेक याच जोडावर पडत होते, म्हणून झिणझिण्या फक्त ओढ असताना. हा जोड पूर्ण सुटला असता तर? गीझर तापला नसता, पण फेज एलिमेंटमधून (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून), तुकड्यातून गीझरच्या पत्र्यावर आली असती आणि नळाला 230 व्होल्ट. गीझर बिघडला वाटून पाणी गार का, हे बघायला माणूस नळाला हात लावतो, आणि ते नेमकं त्याच वेळी.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच? होता, पण वायर त्याला वळसा घालून थेट नेलेल्या. काकू म्हणाल्या, पावसाळ्यात सारखा पडायचा. पडणारच. तुकड्यामुळे न्यूट्रलचा थोडा करंट नळावाटे ओल्या भिंतीत जात होता, 30 मिलिअँपिअरचा फरक झाला की आरसीसीबीने त्याचं काम केलं. खरं सांगणारा घरात तो एकटाच होता आणि त्यालाच गप्प केलं.

काकूंना सांगितलं, नवा गीझर याच सॉकेटला लावला तर झिणझिण्या त्यालाही येतील. आधी बाकीचं करू, तोवर पाणी गॅसवर तापवा. त्यांनी लगेच मान डोलावली.

मीटर रूमशेजारचा जुना अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, पट्टी गंजून तुटलेली. सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी 3 मीटरचा कॉपर-बॉन्डेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड आणि भोवती बॅकफिल कंपाउंड (अर्थिंगच्या खड्ड्यात भरायची पावडर) टाकून अर्थ टेस्टरवर रोध फक्त 2.6 ओहम मिळाला. तिथून डक्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत 4 चौरस मिलिमीटरची हिरवी वायर, 22 मीटर. डीबीपासून बाथरूमपर्यंत अॅल्युमिनियम काढून 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन वायर. भिंतीतल्या जुन्या पाइपात वायर ओढायची स्प्रिंग सरकेना, म्हणून वरून केसिंग (वायर झाकायची) पट्टी मारली. दिसायला जरा वाईट, पण भिंत फोडण्यापेक्षा बरी. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर लावणार असाल तर 4 चौरस मिलिमीटर घ्या. गीझरला स्वतंत्र 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच), घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि स्विच बाथरूमच्या बाहेर.

गीझर बसवणं त्यामानाने सोपं. जुना उतरवताना कळलं की त्याच्या जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं तोंड एम-सीलने बुजवलंय, थेंब पडतात म्हणून. हा थेंब बिघाड नसतो. 15 अंशांचं पाणी 60 अंशांना गेलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. नव्या गीझरच्या 15 लिटरच्या टाकीत ते जवळजवळ पेलाभर होतं. व्हॉल्व्ह पाणी मागे लाइनीत जाऊ देत नाही, म्हणून ते त्याच्याच तोंडातून बाहेर पडतं. तोंड बुजवलं की सगळा दाब टाकीच्या जोडांवर. त्या तोंडाला पारदर्शक नळी लावून मोरीच्या जाळीपर्यंत सोडा, झालं. जुन्याचा मॅग्नेशियम रॉडही (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) झिजून नुसती तार उरली होती, त्यामुळे गीझर बदलणं वाया गेलं नाही.

नव्याच्या हुकांचं अंतर जुन्या भोकांशी जुळत नव्हतं. जुनी भोकं वापरायचा मोह टाळावा. पाण्यासकट 24-25 किलो वजन लटकणार, फास्टनर प्लॅस्टरमध्ये नाही, विटेत बसला पाहिजे. निळ्या बाजूला गार पाणी आणि व्हॉल्व्ह, लाल बाजूला गरम. गरम नळ उघडून अखंड धार येईपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. टाकी कोरडी असताना चालू केला तर एलिमेंट मिनिटांत जळतो.

खर्च असा झाला. 15 लिटरचा गीझर 8,900. तांब्याची वायर 42 मीटर 1,700, हिरवी वायर 1,300, आरसीसीबी 1,900, एमसीबी 250, स्विच-सॉकेट 450, केसिंग 300, दोन जोडपाइप 500, दोन अँगल कॉक 800, मजुरी 3,500. म्हणजे गीझर 8,900 चा आणि भोवतालचं काम 10,700 चं. रॉड आणि खड्डा सोसायटीच्या खात्यात. प्रत्येक घरात एवढं निघत नाही. तांब्याची वायर आणि खरं अर्थिंग असेल तर गीझर, पाइप आणि बसवणी एवढ्यात भागतं. पण गीझरची किंमत विचारण्याआधी सॉकेट उघडून बघा, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कळकळीने सांगतो.

शेवटी पुन्हा मीटर. गीझर चालू, न्यूट्रल-अर्थ 1.4 व्होल्ट, नळ ते ओलं फडकं शून्य. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला. काकूंनी तळहाताची मागची बाजू हळूच नळाला टेकवली, मग पूर्ण मूठ धरली.

पाण्याची उभी लाइन सगळ्यांचीच बदललेली, म्हणून सेक्रेटरींना घेऊन बाकीची घरं बघितली. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही घरांत तसाच काळा तुकडा निघाला. एका घरात सहा महिन्यांचं बाळ होतं, त्याच्या अंघोळीचं पाणी काढायचीच वेळ झाली होती. दोन्ही गीझरचे प्लग काढून, सॉकेटवर टेप मारून खाली आलो, आणि मीटर रूममध्ये आणखी दोन हिरव्या वायरींची मापं घेतली.