प्रो कॅमकॉर्डर घेताय? आधी एनडी बघा

फोर-के, फोर-के (4K रिझोल्यूशन) सगळेच ओरडतात, पण प्रो कॅमकॉर्डरची खरी मजा बॉडीवरच्या बटणांत आहे. बिल्ट-इन एनडी फिल्टरच घ्या ना, म्हणजे लाइट कमी करणारी आतली काळसर काच, बाहेर कडक ऊन असलं की नुसतं चाक फिरवायचं, लाइट १/४, १/१६ किंवा १/६४ इतकाच आत येतो आणि शटर १/५० सेकंदावर तसंच राहतं, आयरिसही (लेन्समधलं लाइट आत सोडणारं छिद्र) फार बंद करावा लागत नाही, नाहीतर मागचं सगळं शार्प होऊन बसतं. फोकस, झूम, आयरिसला तीन वेगळ्या रिंगा, मेनूत शिरायची भानगडच नाही. एक्सएलआरला (प्रो माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटला) कंडेन्सर माइक लावलात तर कॅमेऱ्यातून माइकला मिळणारी ४८ व्होल्टची पॉवर ऑन करा, नाहीतर आवाजच येणार नाही. दोन कार्ड स्लॉट तर हवेतच, एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर कॉपी राहते, लग्नाचं शूटिंग रिटेक देत नाही हो! नाइट व्हिजन वगैरे ठीक, मी तरी त्यासाठी जास्त पैसे मोजणार नाही.