अनाम डच गृहस्थ: प्रतिकृतीची आजवरची प्रगती

मूळ चित्र १७४० च्या आसपासचं. छातीपर्यंतची आकृती, निळा कोट, पावडर लावलेला केसांचा टोप, गळ्याशी लेस. माणूस कोण ते ठाऊक नाही, पण काळ टोपावरून कळतो. मागचे केस काळ्या रेशमी पिशवीत बांधायची रीत १७३० नंतर रुळली. त्याआधीचे टोप भरघोस, खांद्याखाली लोंबणारे. त्या पिढीचा हात समजून घ्यायला अ‍ॅम्स्टरडॅमच्या कोर्नेलिस त्रोस्तची (१६९६-१७५०) चित्रं बघावीत. तिथलं राइक्सम्युझियम हे संग्रहालय मोठ्या आकारातले फोटो फुकट देतं.

अस्तर, म्हणजे रंगाखालची तयारी: ५० × ६० सेंमीचं लिनन. सशाच्या कातड्याचा सरस ७० ग्रॅम, पाणी १ लिटर, रात्रभर भिजवून ६० अंशांच्या आत तापवला. उकळला तर त्याची पकड जाते. आपल्याकडे पावसाळ्यात हा सरस ओल धरतो आणि कॅनव्हास सैल पडतो. तेव्हा कापड ताणायला चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकायचा मोह आवरावा. हवा कोरडी झाली की कापड जास्त ताणलं जातं आणि रंगाला तडे जातात.

सरसावर गेरू आणि जवसाच्या तेलाचा तांबूस थर, तो वाळल्यावर फिकट राखाडी. असं दुहेरी अस्तर डच चित्रांत खूप सापडतं. मूळ राखाडीत शिशाचा सफेता असे. त्याची कोरडी पूड विषारी, घरात उघडूच नये. बदली म्हणून टिटॅनियम व्हाइट आणि खडूची पूड सारख्या मापाने घेतली, त्यात चिमूटभर बोन ब्लॅक (हाडांच्या कोळशाचा काळा) आणि रॉ अंबर (तपकिरी मातीचा रंग). नुसतं टिटॅनियम फार झाकतं. झिंक व्हाइट अस्तरात नकोच, त्याचा थर ठिसूळ होतो.

या राखाडीवरच चेहऱ्याचं सगळं अवलंबून आहे. कानशील, जबड्याची कड, डोळ्याखालची खोबण इथे त्वचेचा रंग इतका पातळ ठेवायचा की खालची राखाडी डोकावेल. तो थंडपणा निळा मिसळून आणला की माणूस आजारी दिसतो. पहिल्या थराला डच लोक डोडफर्फ म्हणत, म्हणजे ‘मेलेला रंग’: फक्त छाया-प्रकाश, मंद रंगांत. इथे अंबर उपयोगी, त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो. बोन ब्लॅक सावकाश वाळतो, म्हणून खाली जाड काळा देऊन वर घाईने रंग चढवला की भेगा पडतात. गालांसाठी हिंगुळी छटा आणि टिकाऊ लाल लेक (रंगद्रवापासून केलेला पारदर्शक रंग), दोन्ही अगदी जपून. जुन्या चित्रांतले लाल लेक बरेचदा उडालेले असतात; मूळ गाल आज दिसतात त्याहून लालसर असू शकतील.

कोट दोनदा खरवडावा लागला. प्रशियन ब्लू हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला रंग, त्या काळी नवाच. त्याची ताकद जबर: वाटाणाभर पांढऱ्यात मोहरीएवढा टाकला तरी सगळं गिळतो. आधी राखाडी तयार करून त्यात सुरीच्या टोकाने निळा घालावा, उलट कधीच नाही. भरपूर पांढऱ्यात मिसळलेला हा निळा उजेडाने फिकटतो. मूळ छटा चौकटीखाली झाकलेल्या कडेला टिकलेली असते. शिवाय पिवळलेल्या वार्निशाखाली तो हिरवट दिसतो. फोटोवरून हिरवा कोट रंगवू नका. लेसचा पांढरा पिवळट दिसत असेल तर दोष बहुधा वार्निशाचा, तेवढा पिवळेपणा निळ्यातून मनाने वजा करायचा.

टोपात पांढरा जवळजवळ नाही. अस्तराची राखाडी हीच मधली छटा. सावल्या अंबर-काळ्याने, उजेड फक्त आठ-दहा वळशांवर. केस एकेक काढले की टोपाची दोरी होते. खांद्यावर सांडलेली पावडर कोट पूर्ण वाळल्यावर कोरड्या मऊ ब्रशने, जेमतेम.

लेस आता सुरू आहे. आधी पातळ राखाडी जाळी, ती वाळली की उजेडाच्या बाजूला जाड पांढरे ठिपके, २ नंबरच्या सेबलने (मऊ केसांचा बारीक ब्रश). नक्षी उजेडातच काढायची, सावलीत ती विरू द्यायची. उरली सोनेरी बटणं: ऑकर (पिवळ्या मातीचा रंग), अंबर आणि शेवटी नेपल्स यलो या फिकट पिवळ्याचा एकच ठिपका. शेवटचं वार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून. तोवर कोटाचे मलूल पडलेले भाग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, जास्तीचं कापडाने टिपून उजळायचे.